आपोआप बदलणारा गिअर

नांदेडाहून लोहा, अहमदपूर, चाकूर या मार्गाने लातुरास जाणाऱ्या सडकेवर आज ज्या मोटारी धावताना दिसतात, त्यांपैकी काहींत चालकाच्या डाव्या पायास कामच उरलेले नाही. क्लचचे पेडल नाही आणि गिअरचा दांडा घडोघडी हलवावयाचाही नाही. दांडा एकदा पुढे जाण्याच्या खुणेवर ठेवला की बाकीचा कारभार गाडी आपला आपण पाहते. या गाड्या नव्या होत्या तेव्हा त्या धनिकांच्या दारात उभ्या असत. आता दहा-बारा वर्षांनी, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या हाती, त्या शिक्षक, दुकानदार, बागाईतदार अशा मंडळींच्या घरी येऊन पोहोचल्या आहेत. त्यांतील डिझेलच्या गाड्यांविषयी एक तक्रार हटकून ऐकू येते. "गाडी मोठी हट्टी आहे, चढावर भलत्या वेळी गिअर बदलते, उतारावर सुसाट सुटते, आणि पुढच्या वाहनास मागे टाकावयाचे म्हटले तर क्षणभर ऐकतच नाही."

श्रोतेहो, यंत्राच्या ठिकाणी हट्ट नसतो. ते कोणाचा तरी हुकूम पाळीत असते. तो हुकूम आपणच, परंतु नकळत दिलेला असतो, म्हणून आपणास तो हट्ट वाटतो. हा हुकूम कोणता आणि तो पाळण्याची विद्या यंत्राने कोठून मिळविली, हे समजण्यास थोडे मागे जावे लागेल.

गिअर मुळात हवाच कशाला, येथूनच आरंभ करू. आपल्या बैलगाडीस गिअर नसतो. देवणी किंवा लाल कंधारी बैलांची जोडी जागच्या जागी उभी असतानाही आपला सारा जोर जुवावर घालू शकते. वाफेच्या इंजिनाचेही असेच होते. बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली आणि १९११ साली ती लातुरास पोहोचली. अडीच फूट रुंदीच्या त्या रुळांवर इंजिन निश्चल उभे असता ड्रायव्हरने झडप उघडली की वाफ सिलिंडरात शिरे आणि पहिल्याच रेट्यास पुरा जोर मिळे. म्हणूनच आगगाडीच्या वाफेच्या इंजिनास सहसा गिअर लागला नाही.

डिझेल इंजिनाची प्रकृती निराळी आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ सालीच, म्हणजे बार्शीची गाडी सुरू झाली त्याच वर्षी, समाधानकारक रीतीने चालू लागले. हे इंजिन फिरत असेल तरच जोर देते; थांबले की ते निर्जीव लोखंड होय. लहान मोटारीतील डिझेल इंजिन अगदी सावकाश फिरले तरी मिनिटास सुमारे ८०० फेरे घेते. १५०० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान त्याचा खरा जोर असतो, आणि साडेचार हजारांच्या आसपास ते दमते. चाकांना मात्र शून्यापासून ताशी शंभर किलोमीटरपर्यंत सर्व वेगांनी फिरावयाचे असते. या दोहोंचे जमावे म्हणून मध्ये दोन वस्तू घालाव्या लागल्या. एक, इंजिन व चाके यांना जोडणारा आणि सोडणारा क्लच. दुसरी, दातेरी चाकांची पेटी, म्हणजे गिअरबॉक्स. लांब पहार घातली तर मोठा धोंडा हलतो, पण थोडाच हलतो. पहिला गिअर ही अशी लांब पहार आहे. त्यात जोर पुष्कळ, वेग अल्प. वरचा गिअर म्हणजे आखूड पहार. कोणत्या क्षणी कोणती पहार घ्यावयाची, हे ठरविण्याचे काम चालकाचे.

हे काम एके काळी मोठ्या कसबाचे होते. निजामाच्या राज्यात १९३२ साली रेल्वेच्याच खात्याने सडकेवरील उतारूंची वाहतूक हाती घेतली. आरंभी त्या खात्यापाशी २७ बसगाड्या आणि १६६ नोकर होते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि पुढे येथील बसगाड्या महाराष्ट्राच्या एस. टी.त मिळाल्या. त्या पिढीच्या चालकांना गिअर उतरविण्यासाठी क्लच दोनदा दाबावा लागे. प्रथम क्लच दाबून गिअर मोकळा करावयाचा, मग क्लच सोडून इंजिनाचे फेरे वाढवावयाचे, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर घालावयाचा. फेऱ्यांचा मेळ चुकला की दात दातावर घासून असा करकराट होई की सारे उतारू दचकत. फेरे मोजण्याचे घड्याळ पुष्कळ गाड्यांत नसे; कान हेच घड्याळ. समोर चढ दिसला की चढाच्या पायथ्याशी, गाडी दमण्यापूर्वीच, खालचा गिअर पडलेला असे. उताराविषयीचा त्यांचा नियम तर आजही जुने चालक पाठ म्हणून दाखवितात. ज्या गिअरात घाट चढावयाचा, त्याच गिअरात तो उतरावयाचा. गिअर खालचा असला म्हणजे चाकेच इंजिनाला फिरवू लागतात आणि ते ओझे गाडीला मागे ओढून धरते. ब्रेकवर सारा भार पडत नाही.

चालकाच्या कामाचे येथे दोन भाग पडतात, हे लक्षात ठेवावे. एक भाग हातापायांचा, म्हणजे क्लच दाबणे व दांडा सरकविणे. दुसरा भाग डोळ्यांचा व अनुभवाचा, म्हणजे पुढे काय येत आहे हे पाहून आधीच तयारी करणे. पुढील शंभर वर्षांत जे शोध लागले, त्यांनी पहिला भाग यंत्राकडे दिला. दुसरा भाग बराच काळ कोणीही यंत्राकडे दिला नव्हता.

दातांचा करकराट चुकविण्याची पहिली लोकप्रिय युक्ती १९०८ साली अमेरिकेत फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीत दिसली. तीत मधोमध एक चाक, त्याभोवती फिरणारी लहान चाके, आणि दात सदैव एकमेकांत गुंतलेले, अशी सूर्य व ग्रहांसारखी रचना होती. यांपैकी एखादे अंग पट्ट्याने आवळून थांबविले की गिअर बदले. दात सरकवून गुंतविण्याचे कारणच नव्हते.

दुसरी युक्ती समुद्रावरून आली. जर्मनीत स्टेटिन येथील व्हल्कन नावाच्या गोदीत हेरमान फ्योटिंगर हा अभियंता काम करीत असे. वाफेची टर्बाइने फार जलद फिरत आणि जहाजाच्या पंख्यास मंद गती हवी, हा त्याच्यापुढील प्रश्न होता. १९०५ साली त्याने उत्तर काढले की मध्ये दातेरी चाके नकोत, द्रव पदार्थ असावा. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तेथे वरून पडणारे पाणी पात्यांवर आदळते आणि जाते फिरते. फ्योटिंगरने पाणी वेगाने फेकणारे चक्र आणि त्या पाण्याने फिरणारे चक्र ही दोन्ही एकाच बंद डब्यात समोरासमोर बसविली. इंजिन पहिले चक्र फिरवी, द्रवाच्या माऱ्याने दुसरे फिरे, आणि दोहोंमध्ये लोखंडाचा सांधा नसे. पुढे मोटारींत याच डब्यात तेल भरण्यात आले. दोन चक्रांच्या मध्ये तिसरे स्थिर चक्र बसवून परतणारे तेल योग्य दिशेस वळविले, तर गाडी हलतेवेळी इंजिनाचा जोर दुपटीच्या घरात वाढतो. या तीन चक्रांच्या डब्यासच आज टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात.

इंग्लंडात डेमलर कंपनीने १९३० साली दोन चक्रांचा तेलाचा डबा आणि विल्सन या अभियंत्याची सूर्य-ग्रहांची पेटी एकत्र आणली. परंतु गिअर केव्हा बदलावयाचा हे तेथे चालकच ठरवी. तो निर्णयही यंत्राकडे सोपविणारी, मोठ्या संख्येने खपलेली पहिली रचना अमेरिकेत जनरल मोटर्सने १९३९ साली ओल्ड्समोबिल गाडीसाठी विकावयास काढली. तिचे नाव हायड्रामॅटिक. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही हलक्या रणगाड्यांतही ती बसविली होती. १९४८ साली ब्यूक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर आला.

आता आपल्या विषयाचे मर्म येथे आहे. गिअर केव्हा बदलावा हे त्या यंत्रास कसे कळे? त्यात तेलाच्या दाबावर चालणारा एक तराजू होता. एका पारड्यात गाडीचा वेग, कारण वेग वाढला की एका बाजूचा दाब वाढे. दुसऱ्या पारड्यात चालकाचा पाय, कारण ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितका दुसऱ्या बाजूचा दाब वाढे. वेगाचे पारडे जड झाले की वरचा गिअर पडे. पायाचे जड झाले की खालचा. १९८० नंतर या झडपांची जागा हळूहळू विजेच्या झडपांनी आणि लहानशा संगणकाने घेतली. त्याला तेलाची उष्णता, इंजिनाचे फेरे अशा आणखी काही गोष्टी कळू लागल्या. पण मुख्य तराजू तोच राहिला.

हिंदुस्थानात ही विद्या रुळांवरही आली. रेल्वेचे अभियंते मनमोहन सुरी यांनी डिझेल इंजिनांसाठी तेलाच्या आधारे शक्ती वाहून नेणारी स्वतःची रचना तयार केली. त्यांना १९६२ सालचे भटनागर पारितोषिक मिळाले. अरुंद रुळांवर धावण्यासाठी आपल्या देशात जी डिझेल इंजिने बांधली गेली, त्यांतही शक्ती तेलाच्याच द्वारे चाकांपर्यंत जाई. लातूरचा अरुंद मार्ग जाऊन २००७-०८ साली तेथे रुंद रूळ आले.

घरगुती मोटारींत मात्र हे फार उशिरा घडले. स्वयंचलित गिअरबॉक्स महाग, तेलाच्या घसरणीत थोडे इंधन व्यर्थ जाणारे, आणि दुरुस्ती करणारे कारागीर थोडे. हिशेबी गिऱ्हाइकाने तो का घ्यावा? टाटांची इंडिका १९९८ च्या अखेरीस आली व तिच्या डिझेल गाड्यांनी आपल्याकडची खेडी पालथी घातली, पण तिचा गिअर हातानेच घालावयाचा होता. २००८ साली महिंद्रांच्या स्कॉर्पिओत सहा गिअरांची स्वयंचलित पेटी मिळू लागली. २०१४ साली टाटांच्या झेस्टमध्ये निराळाच, स्वस्त मार्ग दिसला. त्यात नेहमीचाच क्लच आणि नेहमीचाच गिअरबॉक्स ठेवून, चालकाच्या हातापायांच्या जागी विजेवर व तेलाच्या दाबावर चालणारा एक यांत्रिक हात बसविला होता. यास ए. एम. टी. म्हणतात. १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम लागू झाल्यावर अनेक लहान डिझेल गाड्या बाजारातून गेल्या. म्हणून ज्या उरल्या, त्या जुन्या होऊनही लोक सांभाळून वापरीत आहेत.

तो तराजू डोळ्यांपुढे ठेवून आता या गाड्यांच्या कथित हट्टाचा अर्थ लावून पाहू.

ब्रेक सोडताच टॉर्क कन्व्हर्टरची गाडी हळूहळू पुढे सरकते. इंजिन फिरत आहे तोवर तेलाचा मारा चालूच असतो, त्याचा हा परिणाम, दोष नव्हे. सकाळी गाडी थंड असता ती खालचा गिअर थोडा अधिक वेळ धरून ठेवते, कारण तेल घट्ट असते व इंजिनास ऊब यावयाची असते. पाय हलका ठेवला तर ती लवकर वरच्या गिअरात जाते, कारण डिझेलचा जोर खालच्या फेऱ्यांतच आहे हे तिच्या कर्त्यांनी जाणले होते.

चढावर ती कधी वरचा, कधी खालचा गिअर घेत राहते. चढाने वेग उतरतो, आपण पाय दाबतो, खालचा गिअर पडतो, वेग येतो, आपण पाय सैल करतो, लगेच वरचा पडतो, पुन्हा तेच. तराजू समतोलाच्या जागी डोलत असतो. अशा वेळी दांड्याने खालचा गिअर आपणच ठरवून द्यावा. मग डोलणे थांबते.

पुढचे वाहन मागे टाकताना ‘गाडी ऐकत नाही’ ती एवढ्यासाठी की पाय दाबल्यावर प्रथम खालचा गिअर पडावयाचा असतो, आणि टर्बोस जोर धरण्यास क्षणभर लागतो. हे दोन क्षण एकत्र येतात. जुन्या चालकाने गिअर आधीच उतरविला असता. आपणही समोरचा रस्ता मोकळा होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा, अथवा तो विलंब जमेस धरूनच पुढे जाण्याचा विचार करावा. एकपदरी सडकेवर समोरून उसाचा ट्रॅक्टर येत असता हे दोन क्षण फार मोलाचे असतात.

ए. एम. टी.ची गाडी गिअर बदलताना मान डोलावल्यासारखी किंचित अडखळते, कारण क्लच सुटून पुन्हा लागेपर्यंत शक्ती तुटते. त्या क्षणी पाय किंचित सैल केला तर झटका जाणवत नाही. चढावर मात्र ती ॲक्सिलरेटरच्या आधाराने उभी धरू नये. आत क्लच घासून जळत असतो. तेथे ब्रेकच लावावा.

आता उतार. येथे मात्र चूक आमच्या घरीच घडली, म्हणून ती सांगतो. आम्ही सहकुटुंब तुळजापुरास देवीच्या दर्शनास गेलो होतो आणि तेथून सोलापूरकडे घाट उतरत होतो. गाडी डिझेलची, जुनी, स्वयंचलित. चिरंजीव चालवीत होते. उतारामुळे वेग वाढला आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघालेला. तराजूने काय पाहिले? वेगाचे पारडे जड, पायाचे रिकामे. त्याने इमानाने वरचा गिअर घातला. इंजिनाची ओढ नाहीशी झाली व चिरंजिवांचा पाय ब्रेकवर दाबलेलाच राहिला. थोड्या वेळाने करपट वास आला आणि ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा खोल जाऊ लागले. मागे आमचे शेजारी बसले होते. त्यांचा जन्म एस. टी. चालविण्यात गेलेला. ते शांतपणे म्हणाले, "बाळा, दांडा खालच्या गिअरात घे आणि मग कडेला घे." खालचा गिअर पडताच इंजिन गुरगुरले व गाडी आवरली. रस्त्याकडेला ब्रेक निवेपर्यंत आम्ही अर्धा तास बसलो. नातवंडे हसत-खेळत होती. त्यांच्या आजीच्या चेहऱ्यावर मात्र रंग नव्हता. शेजारी मजकडे वळून म्हणाले, "गुरुजी, गाडीला घाट दिसत नाही. तो आपल्यालाच दिसला पाहिजे."

मी मॅट्रिक झालेला साधा शाळामास्तर. यंत्रशास्त्र मी घरी पुस्तके वाचून शिकलो. परंतु मला जे पुस्तकांतून नीट उमगले नव्हते, ते या वाक्याने उमगले. काही गाड्यांस आज उतार ओळखता येतो. पण जुन्या गाड्यांपैकी पुष्कळांना तो येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांनाही पुढचे वळण ठाऊक नसते. शिवाय डिझेल इंजिनाची मागे ओढण्याची शक्ती पेट्रोलच्या इंजिनापेक्षा बहुधा कमी असते. म्हणून घाटाच्या माथ्यावरच, वेग वाढण्यापूर्वी, दांडा हाताने बदलण्याच्या खुणेवर आणून दुसरा वा तिसरा गिअर धरावा. उतारावर गाडी न्यूट्रल करून डिझेल वाचविण्याची खोड तर सर्वस्वी टाकून द्यावी. गिअर घातलेला असून पाय काढलेला असेल, तर आजकालचे डिझेल इंजिन इंधन घेणेच थांबविते. न्यूट्रलमध्ये मात्र ते चालू राहण्यापुरते डिझेल पितच असते. म्हणजे या युक्तीत बचत नाही, आणि जिवास धोका आहे.

आणखी चार गोष्टी जुन्या गाडीच्या मालकाने जाणाव्यात. टॉर्क कन्व्हर्टरची गाडी बंद पडल्यास चार माणसांनी ढकलून सुरू होत नाही. आतला तेलाचा पंप इंजिनानेच फिरतो, आणि इंजिन बंद तर दाब नाही. त्याच कारणाने, शक्ती मिळणारी चाके जमिनीवर ठेवून तिला दोरीने दूरवर ओढीत नेऊ नये. आतली चाके तेलाविना फिरून खराब होतात. उभी करताना आधी हातब्रेक ओढावा, मग दांडा ‘पी’ खुणेवर न्यावा. नाहीतर साऱ्या गाडीचे ओझे आतल्या एका लहानशा खिट्टीवर पडते.

चौथी गोष्ट तेलाची. या पेटीत तेल हेच वंगण आणि तेच कामकरी. नवे असता ते बहुधा लाल असते; काळपट होऊन करपट वास येऊ लागला, तर आतील चकत्या झिजत आहेत असे समजावे. इंजिनाचे फेरे वाढतात पण त्या मानाने वेग वाढत नाही, हीदेखील तशीच खूण. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीने, सांगितलेल्या जातीचेच तेल घालावे. गाडी अचानक एकाच गिअरात अडकून राहिली, तर बहुधा संगणकाने दोष पाहून स्वसंरक्षणार्थ तसे केलेले असते. तेव्हा संपूर्ण पेटी बदलण्याचा सल्ला ऐकण्यापूर्वी तेलाची पातळी आणि संगणकात नोंदलेला दोष तपासून घ्यावा.

२७ बसगाड्यांच्या त्या काळापासून आजपर्यंत आपल्या सडका बदलल्या, आणि चालकाच्या हातापायांचे कष्ट पुष्कळ हलके झाले. ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांचा एक पाय अधू आहे, अशांना या शोधाने फिरण्याचे स्वातंत्र्य दिले, हा लाभ लहान नाही. मात्र पुढचा रस्ता पाहून आधीच तयार राहण्याचे अर्धे काम अजून माणसाकडेच आहे. पुढच्या खेपेस तुळजापूरचा घाट उतरताना चिरंजिवांनी माथ्यावरच दांडा खाली घेतला, आणि पायथ्यापर्यंत ब्रेकला क्वचितच पाय लागला.